घरफाळा आकारणी आणि वरिष्ठ मूल्यांकनकार (कोल्हापूर)

शहरातील घरे, दुकाने, कारखाने आणि मोकळ्या जागा यांची पाहणी व मोजणी करून त्यांचे करासाठीचे मूल्य ठरवण्याच्या कामाला घरफाळा आकारणी म्हणतात. पुण्यात ज्याला मिळकतकर आणि मुंबईत मालमत्ता कर म्हणतात, तोच कोल्हापूरकडचा घरफाळा. कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. आज ही आकारणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ आणि त्याच्या अनुसूचीतील कराधान नियमांनुसार होते.

दर आणि मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरफाळ्यावरचे बहुतेक वाद त्यांची गल्लत झाल्यामुळे वाढतात. कराचे दर महापालिका सभा ठरवते. त्यासाठी कायद्याने २० फेब्रुवारीपर्यंतची मुदत घातली आहे. मिळकतीचे मूल्य मात्र प्रशासनाने ठरवायचे असते, आणि त्यात सभेचा हात नसतो. घरफाळ्याच्या बिलात सर्वसाधारण करासोबत इतर स्थानिक कर असतात. शिवाय १९६२ च्या कायद्याखालचा शिक्षण उपकर महापालिका राज्य शासनासाठी गोळा करते, आणि अनिवासी मिळकतींवर त्यात रोजगार हमी उपकराची भर पडते. मूल्यात झालेली चूक अशा प्रत्येक रकान्यात उतरते. म्हणून मूल्यांकन हा घरफाळ्याचा पाया आहे.

‘वरिष्ठ मूल्यांकनकार’ हे पद आकृतिबंधात, म्हणजे महापालिकेच्या मंजूर पदांच्या यादीत, याच नावाने सापडेल असे नाही. हे काम करनिर्धारक व संग्राहक, घरफाळा अधीक्षक आणि मुरलेले सर्व्हेअर यांच्यात वाटलेले असते. टेप धरणे, नकाशा काढणे, रजिस्टरात नोंद करणे ही कनिष्ठांची कामे. वरिष्ठाने पाहायचे ते हे की, एका पेठेतल्या घराला जे माप लावले तेच दुसऱ्या पेठेतल्या तशाच घराला लागले आहे का. या लेखाच्या दृष्टीने वरिष्ठाचे खरे काम हेच आहे. एकट्या घराचे मूल्य बरोबर असूनही शेजारच्या तशाच घराचे कमी असेल, तर आकारणी अन्यायाचीच ठरते.

जागेवरची पाहणी

कोल्हापूरच्या जुन्या सिटी सर्व्हेत शहर ए ते ई अशा वॉर्डांत विभागलेले आहे. शिवाजी पेठेचा पत्ता ए वॉर्डात लागतो, तर शाहूपुरी, राजारामपुरी आणि ताराबाई पार्कचा ई वॉर्डात. या विभागणीत दोन वेगवेगळी शहरे दिसतात. राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत, प्लॉट आखीव आहेत आणि मोजणी सरळ होते. पेठांत तसे नाही. रस्त्यावर अरुंद तोंड, आत सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे परडे; वर माडी; भावाभावांत वाटणी झालेली आणि मधली भिंत सामाईक. पुढचा भाग पाडून तिथे आरसीसीचे तीन मजले चढवलेले, मागे मात्र अजून मातीच्या भिंती आणि कौले. अशा मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर एकच असतो. करासाठी मात्र ती दोन-तीन वेगळ्या बांधकामांची बेरीज असते. तिला सरसकट ‘आरसीसी’ असा शेरा मारला की मागच्या कौलारू भागात राहणाऱ्यावर विनाकारण बोजा पडतो.

मोजणीत क्षेत्र आतून धरायचे की बाहेरून, हा प्रश्न पेठांत फार महत्त्वाचा आहे. समजा, माजघर आतून ४.२० मीटर गुणिले ३.०५ मीटर आहे. क्षेत्र झाले १२.८१ चौरस मीटर. त्याला चारी बाजूंनी १५ इंची, म्हणजे सुमारे ०.३८ मीटर जाडीच्या भिंती आहेत. बाहेरून मोजले तर ४.९६ गुणिले ३.८१, म्हणजे १८.९० चौरस मीटर. खोली तीच, क्षेत्र जवळजवळ दीडपट. नव्या फ्लॅटच्या पातळ भिंतीत हा फरक फार कमी असतो. त्यामुळे कुठे चटई क्षेत्र (भिंती सोडून आतले) आणि कुठे बांधीव क्षेत्र (भिंती धरून) अशी सरमिसळ झाली, तर तिचा फटका जुन्या, जाड भिंतींच्या घरांनाच बसतो. जुन्या नोंदी फूट-इंचात आणि नव्या मीटरमध्ये असल्याने आकडे उतरवतानाही घोटाळा होतो. उपग्रह किंवा ड्रोनच्या चित्रांवरून होणाऱ्या सर्वेक्षणात छपराचे क्षेत्र दिसते. छपराखाली किती मजले आहेत, भिंत कोणाची आहे, तळमजल्यावर दुकान आहे की देवघर, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. नोंदीतून सुटलेल्या मिळकती शोधायला ही चित्रे उत्तम आहेत. प्रत्यक्ष पाहणीची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत.

बांधकामाचे वय हा असाच नाजूक मुद्दा. बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, विजेच्या जोडणीची तारीख, जुन्या घरफाळ्याची पावती यांचा मेळ घालून वर्ष ठरवावे लागते. केवळ घरमालकाच्या सांगण्यावर किंवा केवळ रंगरंगोटीवर जाऊन चालत नाही.

मूल्य काढण्याच्या पद्धती

कायद्यात दोन वाटा आहेत. पहिली वार्षिक भाड्याची. मिळकत वर्षभरासाठी वाजवीपणे किती भाड्याने जाईल ते धरायचे, दुरुस्ती वगैरेंसाठी १० टक्के वजा करायचे, उरते ते करयोग्य मूल्य. महिना १०,००० रुपये भाडे अपेक्षित असेल तर वर्षाचे १,२०,००० आणि करयोग्य मूल्य १,०८,०००. या पद्धतीला भाडेनियंत्रण कायद्याची अडचण होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात प्रमाणित भाडे, म्हणजे त्या कायद्याखाली ठरणारे भाडे, हीच कमाल मर्यादा मानली. त्यामुळे जुन्या भाडेकरूंच्या इमारतींचे मूल्य गोठले आणि शेजारच्या नव्या इमारतींचे वाढत गेले.

दुसरी वाट भांडवली मूल्याची. राज्यातील महापालिकांना ती २०१० च्या दुरुस्तीने खुली झाली आणि कोल्हापूरने ती स्वीकारली. यात नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजे लोकांच्या तोंडातले रेडीरेकनर, आधाराला घेतात. तक्त्यातला दर, क्षेत्र, वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार आणि वय यांचे भारांक, म्हणजे मूल्य कमी-जास्त करणारे ठरावीक आकडे, यांचा गुणाकार करून मूल्य निघते. गुणाकार संगणक करतो; कुठला भारांक लावायचा, हे माणूस ठरवतो.

रेडीरेकनर मुळात मुद्रांक शुल्कासाठी बनलेला आहे, ही गोष्ट मूल्यांकनकाराने सतत ध्यानात ठेवली पाहिजे. त्यात पूर्ण विभागाला एक दर असतो. महाद्वार रोडवरचे दुकान आणि त्याच विभागातल्या बोळातले घर यांत बाजारभावाचा केवढा फरक असतो, हे अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परगावचा माणूसही सांगेल. पुराचेही तेच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी-शुक्रवार पेठेच्या सखल भागांत शिरले. त्याच विभागातल्या उंचावरच्या घरांना मात्र धक्का लागला नाही. एकाच दराखाली असलेल्या या दोन घरांत फरक करायचा असेल तर तो नियमावलीतूनच व्हायला हवा. सर्व्हेअरने आपल्या मनाने सूट देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. वरिष्ठाने अशा त्रुटी टिपून आयुक्तांकडे लेखी मांडाव्यात, हे त्याच्या कामाचेच अंग आहे.

भविष्यात जागेवर किती बांधता येईल हे धरून आज कर लावता येत नाही. मुंबईच्या नियमांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केले. तो निकाल मुंबईच्या कायद्यावरचा असला तरी, जमीन आज जशी आहे तसे तिचे मूल्य, हे सूत्र राजारामपुरीतल्या जुन्या बंगल्याच्या प्लॉटला तितकेच शोभते.

आकारणी समान आहे की नाही, हे तपासायची जगन्मान्य पद्धत साधी आहे. नुकत्याच विकल्या गेलेल्या मिळकतींचे करासाठीचे मूल्य भागिले विक्रीची किंमत. समजा, ४० लाखांना विकलेल्या फ्लॅटचे मूल्य २८ लाख धरले आहे, गुणोत्तर ०.७०. दोन कोटींच्या बंगल्याचे एक कोटी धरले आहे, गुणोत्तर ०.५०. म्हणजे फ्लॅटवाला आपल्या ऐपतीच्या मानाने जास्त भरतो. मूल्यांकन अधिकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांत घरांच्या बाबतीत या गुणोत्तरांची मध्यकापासूनची (चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणाऱ्या गुणोत्तरापासूनची) सरासरी फारकत ५ ते १५ टक्क्यांत असावी असे धरतात. आपल्याकडे खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याच्या सवयीमुळे ही तपासणी जपून करावी लागते. तरी ती केलीच पाहिजे. ती न करता ‘सर्वांना समान न्याय’ म्हणणे पोकळ आहे.

वापर

मालक वापर की कूळ वापर, निवासी की अनिवासी, यावर घरफाळा सर्वाधिक हलतो. पाहणीच्या दिवशी पाहुणा म्हणून ओळख करून दिलेला माणूस भाडेकरू असतो. उलट कधी मोकळी पडलेली खोली रजिस्टरात वर्षानुवर्षे कूळ वापर म्हणूनच राहते. करार, वीजबिल आणि शेजाऱ्यांची माहिती यांवरून खात्री करून घ्यावी लागते. मंदिर परिसरात घराच्या दोन खोल्या भाविकांना देणे, उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात वर राहणे आणि खाली लेथ यंत्र चालवणे, असे मिश्र वापर इथे जागोजागी आहेत. यांत मजला आणि खोली वेगळी करूनच आकारणी करावी.

तालमींचा प्रश्न खास कोल्हापूरचा. केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेला सर्वसाधारण करातून सूट मिळते. पण तालमीच्या इमारतीत रस्त्याच्या बाजूला गाळे काढून भाड्याने दिले असतील, तर गाळ्यांचा भाग सर्वसाधारणपणे सुटीत बसत नाही. आखाड्याच्या भागाचा विचार वेगळा करावा लागतो. तालमीबद्दल पेठेत जिव्हाळा असतो आणि तो रास्तही आहे. पण जिव्हाळ्यापोटी गाळ्यांची नोंदच न करणे म्हणजे शेजारच्या दुकानदारावर अन्याय करणे.

हरकती व नोंदीच्या मर्यादा

आकारणी वाढवली तर मिळकतदाराला विशेष नोटीस द्यावी लागते. त्याने मुदतीत लेखी हरकत घेतली की सुनावणी होते. चांगल्या सुनावणीत वरिष्ठ मूल्यांकनकार मोजणीचा नकाशा आणि गुणाकार टेबलावर मांडतो. मिळकतदार आपल्या खोल्या त्यात ओळखतो आणि चुकलेली भिंत बोटाने दाखवतो. निर्णय मान्य नसेल तर कलम ४०६ खाली १५ दिवसांत न्यायाधीशांकडे अपील करता येते. त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते. कर सहामाही असून १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होतो. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, त्यामुळे चुकीची आकारणी दुरुस्त व्हायला लागलेला प्रत्येक महिना नागरिकाला महागात जातो.

घरफाळ्याच्या रजिस्टरात नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी खरेदीखत, वारसनोंद, मालमत्ता पत्रक यांकडेच जावे लागते. तसेच विनापरवाना बांधकामाला घरफाळा लावला म्हणजे ते नियमित झाले असे नाही; उलट कलम २६७-अ खाली शास्तीची तरतूद आहे. वाटणीच्या भांडणात पावती पुढे करणारे लोक घरफाळा विभागाच्या खिडकीशी नेहमी दिसतात. नाव बदलण्याचा अर्ज घेताना त्यांना ही गोष्ट समजावून सांगणे, आणि वाद असेल तर नोंदीत दोन्ही बाजूंचा उल्लेख ठेवणे, हे काम शेवटी वरिष्ठाकडेच येते.