झोताच्या वाऱ्यात विमान कसं उतरवतात

वैमानिकाला जोराचा वारा तितकासा नडत नाही, क्षणाक्षणाला बदलणारा वारा नडतो. समोरून एकसारखा वाहणारा वारा तर मदतच करतो. जमिनीवरचा वेग कमी राहतो आणि थोडक्या धावपट्टीत थांबता येतं. तोच वारा एकाएकी पडला की खरी अडचण सुरू होते.

पंखांचं उत्थापक बल, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारं बल, ठरतं ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगावर, आणि तेही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, विमानाचा हवेतला वेग 140 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 260 किलोमीटर आहे. साठ टनांच्या धुडाला जडत्वामुळे जमिनीवरचा वेग लगेच बदलता येत नाही. त्यामुळे समोरचा वारा अचानक 15 नॉटने कमी झाला, तर हवेतला वेगही 125 वर येतो आणि उत्थापक बल सुमारे 20 टक्क्यांनी घटतं. विमान खचतं. त्या क्षणी इंजिनाची ताकद वाढवली तरी ती लगेच मिळत नाही. मंद फिरणारं जेट इंजिन पुरत्या जोरावर यायला काही सेकंद जातात. विमानाला उडण्यायोग्य ठरवण्याच्या, म्हणजे प्रमाणनाच्या, नियमांत 8 सेकंद धरलेले आहेत. म्हणूनच शेवटच्या टप्प्यात इंजिनं मंदावू न देता फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आणि चाकं उघडून रोध, म्हणजे हवेचा अडथळा, वाढवलेला असतो.

दुसरा उपाय म्हणजे वेगाची शिल्लक आधीच जवळ ठेवणं. समजा, धावपट्टीची दिशा 270 अंश, म्हणजे पश्चिम, आहे आणि टॉवरने सांगितलं, ‘वारा 240 अंशांवरून 20 नॉट, झोत 30 नॉट’. म्हणजे एरवी 20 नॉटचा वारा मधूनमधून 30 पर्यंत उसळतोय. वारा 30 अंश तिरका असल्याने समोरचा हिस्सा सुमारे 17 नॉट होतो. बोइंगच्या विमानांत ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बंद ठेवून उतरताना मूळ वेगात समोरच्या वाऱ्याचा निम्मा हिस्सा आणि झोताची पूर्ण वाढ मिळवण्याची पद्धत आहे. इथे 8 आणि 10 मिळून 18 होतात, पण 15 ची कमाल मर्यादा असेल तर 140 ऐवजी 155 नॉटने यायचं. धावपट्टीला टेकेपर्यंत स्थिर वाऱ्यासाठीची भर उतरू द्यायची, झोतासाठीची मात्र राखायची. एअरबसच्या विमानांत हे काम बरंचसं संगणक करतो. समोरचा वारा टॉवरने दिलेल्या आकड्यापेक्षा वाढला की तो लक्ष्यवेग आपोआप वाढवतो.

या शिल्लकीची किंमत धावपट्टीत मोजावी लागते. जास्तीचे 10 नॉट कोरड्या धावपट्टीवर ब्रेकने उतरवायला सुमारे 90 मीटर पुरतात. तेच 10 नॉट जमिनीलगत तरंगत उतरू दिले, तर 750 मीटरच्या आसपास धावपट्टी निघून जाते. अलगद टेकवण्याचा मोह इथेच महागात पडतो. झोताच्या वाऱ्यात, विशेषतः धावपट्टी ओली असेल तर, नेमक्या जागी ठामपणे टेकवलेलं विमान हेच उत्तम लँडिंग. प्रवाशांना बसलेला तो दणका बहुतेक वेळा ठरवून दिलेला असतो.

आडव्या वाऱ्याचा प्रश्न वेगळा. 140 नॉटने येणाऱ्या विमानाला 30 नॉटचा आडवा वारा लागला, तर सरळ रेषेत राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे सुमारे 12 अंश वळवून यावं लागतं. जमिनीपासून 20-30 फुटांवर नाक वर घेताना रडरने (शेपटीच्या उभ्या सुकाणूने) विमान धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि त्याच वेळी एलरॉनने (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या टोकांजवळच्या झडपांनी) वाऱ्याकडचा पंख किंचित खाली दाबायचा. दोन्ही हालचाली एकमेकींना सांभाळून झाल्या पाहिजेत. रडर लवकर दिला तर विमान बाजूला वाहू लागतं. उशिरा दिला तर चाकांवर तिरका भार येतो. पंख फार कलला, तर त्याचं टोक किंवा इंजिन जमिनीला घासतं. 1 मार्च 2008 रोजी हॅम्बुर्गला लुफ्तान्झाच्या एअरबस ए320 चं डावं पंखटोक असंच धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं आणि ते दुसऱ्या धावपट्टीवर सुखरूप उतरलं. एक चाक टेकताच नियंत्रण-संगणकाने जमिनीवरची पद्धत लागू करून कलण्यावरचा ताबा कमी केला होता, हे चौकशीत पुढे आलं.

फार वाऱ्यात ऑटोपायलटच उतरवत असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ए320 ची स्वयंचलित लँडिंगसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा 20 नॉट आहे. त्यापुढे माणसाचेच हात लागतात.

टेकल्यावर विमान उसळलं, तर नाक खाली दाबायचं नाही. 23 मार्च 2009 रोजी नारिता विमानतळावर झोताच्या वाऱ्यात एक एमडी-11 मालवाहू विमान उसळलं, नाक खाली गेलं, उसळ्या वाढत गेल्या आणि पंख मोडून विमान उलटलं; दोन्ही वैमानिक गेले. छोट्या उसळीत नाक आहे तसं धरून विमानाला पुन्हा टेकू द्यायचं, मोठीत पूर्ण ताकद देऊन वर निघायचं.

चाकं स्थिरावल्यावरही एलरॉन वाऱ्याकडेच धरून ठेवावा लागतो. ओल्या धावपट्टीवर नाक वाऱ्याकडे वळून विमान बाजूला सरकू लागलं, तर रिव्हर्स थ्रस्टचा, म्हणजे थांबण्यासाठी इंजिनांनी उलट दिशेने लावलेल्या जोराचा, एक हिस्सा त्याला वारा ज्या बाजूला वाहतोय त्या कडेला ओढतो. तेव्हा रिव्हर्स मंद करायचा, ब्रेक सैल सोडायचे, रडरने मध्यरेषेवर परतायचं आणि मगच पुन्हा थांबवायला घ्यायचं. पुन्हा वर जाण्याचा पर्याय मात्र रिव्हर्सर उघडले त्या क्षणीच संपलेला असतो.