काइटची हवा का जाते? ब्लॅडर-व्हॉल्व्हची पार्श्वभूमी

पावसाळाभर ऐरोली-वाशीच्या फ्लॅटमध्ये बॅगेत पडून राहिलेला काइट दिवाळीनंतर फुगवला, की थोड्याच वेळात लीडिंग एज (पुढच्या कडेची हवा भरलेली नळी) मऊ पडते, ही नवी मुंबईतल्या काइटसर्फिंगवाल्यांची, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकणाऱ्यांची, ओळखीची तक्रार. दोष बहुतेक वेळा आपल्या दमट हवेत आणि व्हॉल्व्हच्या चिकटपट्टीत असतो. पण मुळात पतंगात हवा कशासाठी?

पतंग पाण्यात पडला की बुडतो किंवा पुन्हा उडत नाही, हीच जुनी अडचण होती. अमेरिकेत बिल आणि कोरी रोझलर या पितापुत्रांनी काइटस्की या पतंगाने ओढल्या जाणाऱ्या वॉटर-स्कीमध्ये दोऱ्या गुंडाळून पतंग जवळ ओढून घेण्याची सोय केली. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि दॉमिनिक लेगेन्यू या भावांनी वेगळी वाट धरली. पतंगाचा सांगाडाच हवेच्या नळ्यांचा केला, म्हणजे तो तरंगतो आणि वारा धरून पुन्हा उठतो. नोव्हेंबर १९८४ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला. खरेदीदार मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांच्या विपिका काइटला मिळाले. माझ्या मते हा खेळ सामान्यांच्या हाती आला तो या नळ्यांमुळेच, आणि गळतीही त्यांच्यासोबतच आली.

सुरुवातीला लीडिंग एज आणि प्रत्येक स्ट्रट (तिला जोडलेली, कापड ताणून धरणारी छोटी नळी) वेगळा भरावा लागे. २००६ च्या सुमारास ‘वन पंप’ आला, सगळ्या नळ्या छोट्या होजने जोडल्या गेल्या. भरणं सोपं झालं, गळती शोधणं अवघड. म्हणून फुगवल्यावर होजच्या क्लिपा बंद करून ठेवाव्यात. जी नळी मऊ पडेल, दोषी तीच.

ब्लॅडर, म्हणजे नळीच्या आतली हवेची पिशवी, टीपीयू या पातळ पॉलियुरेथेनचा असतो. दाब सोसण्याचं काम बाहेरचं डॅक्रॉनचं कापड करतं, ब्लॅडर फक्त हवा अडवतो. व्हॉल्व्हचा तळ त्यावर चिकटवलेला किंवा उष्णतेने जोडलेला असतो. ऊन, गाडीच्या डिकीतली उष्णता आणि ओल यांनी हा जोड सुटतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा पंक्चरवाला सायकलची ट्यूब उत्तम जोडतो, पण त्याचं सोल्युशन रबरासाठी आहे, टीपीयूवर ते टिकत नाही.

साबणाच्या पाण्याचे बुडबुडे व्हॉल्व्हच्या कडेने आले, तर ठिगळ नको, व्हॉल्व्हच बदलावा. ब्लॅडर बाहेर ओढण्याआधी त्याच्या टोकांना दोरी बांधावी, नाहीतर तो परत आत नेणं जिकिरीचं होतं. जुना गोंद काढून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नवा व्हॉल्व्ह दाबून बसवावा आणि रात्रभर हवा भरू नये. आत सारताना टाल्कम पावडर लावावी. पीळ राहिला तर ब्लॅडर फुटतो. कापडाची शिवण उसवली असेल तर ती आधी घट्ट शिवून घ्यावी. तसं न केल्यास नवा ब्लॅडरही त्याच फटीतून फुगा होऊन बाहेर येतो.