नागरिक-विधिमंडळ (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक घटकराज्यांत आमदारकी हा पूर्णवेळ पेशा मानला जात नाही. शेती, वकिली किंवा घरचा धंदा सांभाळणारा नागरिक वर्षातले काही महिने राजधानीत बसून कायदे करतो आणि अधिवेशन संपले की पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो, या कल्पनेवर उभ्या असलेल्या विधिमंडळाला नागरिक-विधिमंडळ म्हणतात. अधिवेशने साधारणपणे जानेवारीत सुरू होतात. शेतीची कामे थंडावण्याचा हा काळ जुन्या कृषिप्रधान समाजाला सोयीचा होता.

मानधन तुटपुंजे असते. टेक्ससमध्ये सदस्याला महिन्याला ६०० डॉलर मिळतात, अधिवेशनाचा दैनिक भत्ता वेगळा. हा आकडा १९७५ पासून बदललेला नाही. तेथील नियमित अधिवेशन दर विषम वर्षी एकदा भरते आणि ते १४० दिवसांपेक्षा जास्त चालू शकत नाही. न्यू हॅम्पशरच्या ४०० सदस्यांच्या कनिष्ठ सभागृहात दोन वर्षांच्या मुदतीचे मानधन २०० डॉलर असून ते १८८९ पासून राज्यघटनेतच नमूद आहे. याउलट कॅलिफोर्नियाने, सभापती जेसी अनरू यांच्या पुढाकाराने, १९६६ च्या जनमताद्वारे पूर्णवेळ विधिमंडळाची वाट धरली.

अल्प मानधनामुळे सत्तेचा मोह असणारे दूर राहतात, असे या पद्धतीचे समर्थक मानतात. प्रत्यक्षात यातून एक वेगळीच निवड घडते. कारखान्यातील कामगाराला किंवा शिक्षिकेला सलग चार-पाच महिने रजा मिळणे अवघड असते; मालकाच्या माघारी भावाने किंवा मुलाने गल्ला सांभाळावा, अशी सोय घरच्या धंद्यातच असते. त्यामुळे व्यावसायिक, जमीनदार, वकील आणि निवृत्त मंडळी यांना ही आमदारकी परवडते, आणि ज्यांना ती एकदा परवडली ते दशकानुदशके टिकतात.

टेनेसीचे जॉन वाइल्डर (१९२१–२०१०) हे याचे ठळक उदाहरण. राज्याच्या पश्चिम भागातील शेतीशी निगडित कौटुंबिक व्यवसायातून आलेले वाइल्डर १९५९ मध्ये प्रथम सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहात, बसले आणि मधला खंड वगळता २००९ पर्यंत सदस्य राहिले. त्या राज्यात सिनेटचा सभापती सदस्यच निवडतात आणि तोच लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राज्याचा उपराज्यप्रमुख, होतो. हे पद त्यांनी १९७१ ते २००७ असे ३६ वर्षे भूषवले. १९८७ मध्ये त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाने दुसरा उमेदवार पुढे केला, तेव्हा त्यांनी रिपब्लिकन सदस्यांना सोबत घेऊन पद राखले. पक्षापेक्षा सभागृहातील वैयक्तिक संबंध किती खोल रुजतात, हे यातून दिसते. २००७ मध्ये मात्र रिपब्लिकन सदस्य रॉन रॅम्झी यांनी त्यांना १८ विरुद्ध १५ मतांनी हरवले, आणि त्यात एका डेमोक्रॅटिक सदस्येचे मत रॅम्झी यांच्याकडे गेले होते.

व्यवसाय आणि कायदेमंडळ एकाच हाती आले की हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. यावर राज्यांनी मालमत्ता व उत्पन्न जाहीर करण्याचे नियम केले आहेत. पण अनेक राज्यांत महत्त्वाचा अपवाद आहे. एखाद्या विधेयकाचा लाभ त्या व्यवसायातील सर्वांनाच सारखा होणार असेल, तर सदस्याला मतदानापासून दूर राहावे लागत नाही. म्हणजे शेतकरी-आमदार शेतीकराच्या सवलतीवर मत देऊ शकतो. ही मुभा काढून घेतली तर अनुभवी माणसेच चर्चेतून बाहेर पडतील, हा युक्तिवाद खरा असला तरी त्यामुळे नियंत्रण सैल होते, हेही नाकारता येत नाही.

दीर्घकाळच्या सदस्यत्वाला आळा घालण्यासाठी १९९० पासून मुदतमर्यादेची, म्हणजे सदस्याने किती काळ पदावर राहावे यावरील बंधनाची, लाट आली. आज १६ राज्यांत ती लागू आहे. विस्कॉन्सिनमध्ये ती नाही. तेथील वकील फ्रेड रिसर १९५७ पासून जानेवारी २०२१ पर्यंत विधिमंडळात होते, आणि देशातील कोणत्याही राज्य-विधिमंडळातील ही सर्वांत दीर्घ कारकीर्द ठरली. त्यांचे पणजोबा, आजोबा आणि वडीलही याच विधिमंडळाचे सदस्य होते, प्रत्येक जण निराळ्या पक्षाचा.