सांता क्लॉज काँकर्स द मार्शन्स

नाताळ आणि अंतराळप्रवास हे दोन विषय एकाच कथेत गुंफणारा, १९६४ मध्ये प्रदर्शित झालेला अमेरिकन विज्ञानकथात्मक बालचित्रपट. ‘सांताक्लॉज मंगळवासीयांना जिंकतो’ असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. अतिशय तुटपुंज्या साधनांत तयार झालेल्या या ८१ मिनिटांच्या रंगीत चित्रपटाची गणना आजवरच्या सर्वांत वाईट चित्रपटांत वारंवार होते. हा शिक्का त्याच्या नेपथ्याला आणि वेशभूषेला निश्चितच लागू पडतो. कथेच्या गाभ्याला मात्र तो तितकासा न्याय देत नाही.

चित्रपटाची कथा व निर्मिती पॉल जेकबसन यांची, पटकथा ग्लेनव्हिल मॅरेथ यांची आणि दिग्दर्शन निकोलस वेबस्टर यांचे. चित्रीकरण न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील एका स्टुडिओत झाले. ही वास्तू पूर्वी विमाने ठेवण्याची हँगर होती. खर्चाचा आकडा सुमारे २ लाख डॉलर सांगितला जातो. सांताक्लॉजच्या भूमिकेतील जॉन कॉल यांच्यासह बहुतेक नटनट्या न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील होत्या. त्यामुळे संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याच्या ढंगात उच्चारले जातात आणि कॅमेरा जवळ आला की तो ढंग खटकतो.

कथा मंगळावर सुरू होते. तेथील मुलांना अन्नाऐवजी गोळ्या मिळतात, झोपेतही यंत्रे त्यांना शिकवत राहतात आणि खेळ म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसते. पृथ्वीवरील दूरचित्रवाणीवर सांताक्लॉज पाहून ही मुले उदास होतात. मंगळाचा प्रमुख किमार ८०० वर्षे वयाच्या एका ज्ञानी वृद्धाचा सल्ला घेतो, आणि मुलांचे बालपण हिरावले गेले आहे, त्यांना सांताक्लॉजची गरज आहे, असे तो वृद्ध त्याला सांगतो. या वृद्धाचे नाव ‘चोखेम’. यिडिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेत या शब्दाचा अर्थच शहाणा माणूस असा आहे. किमारच्या घरातील मोमार, बोमार व गिरमार ही नावेही आई, मुलगा व मुलगी या अर्थाच्या इंग्रजी शब्दांना मंगळाच्या ‘मार्स’ या इंग्रजी नावाचा तुकडा जोडून बनवलेली आहेत. मंगळवासी पृथ्वीवर उतरून बिली व बेटी या भावंडांना पळवतात, त्यानंतर उत्तर ध्रुवावरून खुद्द नाताळबाबाला उचलून नेतात. हसणे आणि खेळणी यांमुळे योद्ध्यांचा मंगळ दुबळा होईल असे मानणारा वोल्डार या बेताला विरोध करतो. त्याचा पराभव शेवटी मुले खेळण्यांच्याच साहाय्याने करतात. सांताक्लॉजचा वारसा मंगळावरचा भोळा, आळशी ड्रोपो चालवू लागतो आणि पाहुणे पृथ्वीवर परततात.

साधनांची टंचाई जवळजवळ प्रत्येक दृश्यात दिसते. मंगळवासीयांचे चेहरे हिरव्या रंगाने असमान माखलेले आहेत, शिरस्त्राणांवर नळ्या व अँटेना चिकटवलेल्या आहेत आणि त्यांची शस्त्रे खेळण्यातल्या बंदुकांसारखी दिसतात. ध्रुवीय अस्वल म्हणजे कातडे पांघरलेला माणूस आहे, हे पाहताक्षणीच कळते. अवकाशयानाच्या पाठलागासाठी अमेरिकन हवाई दलाची तयार चित्रफीत वापरली असून तिचा पोत उर्वरित चित्रपटाशी जुळत नाही. टॉर्ग नावाचा यंत्रमानव तर खोकी जोडून केल्यासारखा आहे. पण सांताक्लॉजसमोर येताच हाच यंत्रमानव हुकूम मानेनासा होतो आणि जणू खेळणेच बनून जातो. या प्रसंगात त्याचे ओबडधोबड रूप कथेच्या उपयोगी पडते.

चित्रपट प्रदर्शित झाला तो काळही लक्षात घ्यावा लागतो. १४ नोव्हेंबर १९६४ रोजी तो पडद्यावर आला आणि पुढच्या दोनच आठवड्यांत, २८ नोव्हेंबरला, मरीनर-४ हे अमेरिकन यान मंगळाकडे निघाले. जुलै १९६५ मध्ये त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत विवरांनी भरलेली ओसाड भूमी दिसली. मंगळावर घरे, कुटुंबे आणि दूरचित्रवाणी संच दाखवणारी कल्पना लहान मुलांनाही पटेल असा तो शेवटचाच हिवाळा होता.

वितरण जोसेफ लेव्हिन यांच्या एम्बसी पिक्चर्सने केले. हा चित्रपट मुख्यतः मुलांच्या दुपारच्या खेळांसाठी होता आणि पुढील काही वर्षे नाताळच्या सुमारास तो पुन्हा पुन्हा लावला जाई. मिल्टन डेलग यांनी संगीत दिलेले त्याचे शीर्षकगीत एकदा ऐकले की तोंडात बसते. सांताक्लॉजची पत्नी पडद्यावर आणणारा हा आरंभीचा चित्रपट मानला जातो. ती भूमिका डोरिस रिच यांनी केली. गिरमार झालेली बालकलाकार पिया झाडोरा पुढे गायिका व अभिनेत्री म्हणून प्रसिद्धीस आली, तर ड्रोपो साकारणारे बिल मॅककचन यांना १९८८ मध्ये रंगभूमीवरील अभिनयासाठी टोनी पुरस्कार मिळाला.

१९७८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या, पन्नास सर्वांत वाईट चित्रपटांवरील पुस्तकात त्याचा समावेश झाला. डिसेंबर १९९१ मध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या दूरचित्रवाणी मालिकेने तो थट्टेच्या टिप्पणीसह दाखवला आणि नव्या पिढीला त्याची ओळख झाली. अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा, म्हणजे कोणाचाही स्वामित्वहक्क नसलेला, मानला जात असल्याने त्याच्या अनेक स्वस्त प्रती बाजारात आल्या. त्यांतील बहुतेक फिकट व ओरखडे पडलेल्या होत्या, आणि या प्रतींमुळे चित्रपट मुळात होता त्याहूनही दरिद्री दिसू लागला.