पात्रबदल, सुपरहिरो ॲनिमेशन मालिकांतील

पात्रबदल : सुपरहिरोंच्या ॲनिमेशन मालिकेत ओळखीचे पात्र नव्या रूपात, नव्या आवाजात, वेगळ्या वंशाचे वा लिंगाचे, बदललेल्या स्वभावाचे किंवा तुटलेल्या-जुळलेल्या नात्यांसह पुन्हा आणणे. या बदलाला चाहत्यांकडून येणारी प्रतिक्रियाही याच संज्ञेत धरली जाते. तिचा जोर बदल किती मोठा आहे यावर ठरत नाही. रूप बदलले की ओरड लगेच होते, बहुधा पहिले चित्र बाहेर पडते त्याच दिवशी. आणि मालिका चांगली निघाली की ती विरते. स्वभाव बदललेला मात्र सुरुवातीला कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो चौथ्या-पाचव्या भागात बोचू लागतो आणि मग वर्षानुवर्षे उगाळला जातो.

गोव्यातल्या मराठी प्रेक्षकाला हा प्रकार कार्टूनमुळे कळला असे नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत देवळापुढे रात्रभर चालणाऱ्या दशावतारी कालोत संकासुर येतो. कथेप्रमाणे तो वेद चोरणारा दैत्य. रंगमंचावर मात्र काळा पोशाख आणि तोंड झाकणारा काळा बुरखा घालून तो गावच्या बोलीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो, समोर बसलेल्यांना टोमणे मारतो. मुले त्याचीच वाट पाहत जागी राहतात. पुराणातला दैत्य असा नव्हता, अशी तक्रार कोणी करत नाही, कारण बुरखा ठरलेला आहे आणि विष्णूच्या हातून होणारा शेवटही ठरलेला आहे. मधले बोलणे मोकळे. त्याच जागी जत्रेच्या ऐतिहासिक नाटकात संभाजीराजे औरंगजेबापुढे गयावया करताना दाखवले, तर पडदा पाडायची वेळ येईल. पात्राचा काही भाग असा मोकळा असतो, काही भागाला गाठ मारलेली असते. कुठे गाठ आहे हे निर्मात्याला आधी कळत नाही, ती सुटली की कळते.

रूप

पात्राचे रूप मॉडेल शीटवर ठरते. तिच्यात पात्र समोरून, अर्धवट वळलेले, बाजूने आणि पाठमोरे असे काढलेले असते. सोबत चेहऱ्यावरचे भाव, बोलताना ओठांचे आकार, हातांची ठेवण आणि इतर पात्रांच्या तुलनेत उंची. पुढची चित्रे अनेक हात काढणार, तेही पुष्कळदा दुसऱ्या देशातल्या स्टुडिओत, म्हणून ही शीट शक्य तितकी सोपी ठेवावी लागते. सेकंदाला २४ चौकटी, एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तर सेकंदाला १२ चित्रे. २२ मिनिटांच्या भागाचा कागदावरचा हिशेब १५,८४० चित्रांवर जातो. स्थिर दृश्ये आणि पुन्हा वापरलेली चित्रे वजा केली तरी पट्ट्यावरची एक जादा शिवण हजारो वेळा काढावी लागते, आणि ती एखाद्या चित्रात राहून गेली की पडद्यावर लुकलुकते. नव्या आवृत्तीत रेषा कमी का होतात याचे उत्तर बरेचसे इथे आहे. चाहते त्याला आळस म्हणतात, तो दर वेळी आळस नसतो.

१९९२ मध्ये सुरू झालेली बॅटमॅनची ॲनिमेशन मालिका १९९७ मध्ये नव्या नावाने आणि नव्या रेखाटनाने परतली. तोवर त्याच चमूची सुपरमॅन मालिका सुरू झाली होती आणि दोन्हींची शैली जुळवायची होती. अंगलट टोकदार झाली, बॅटमॅनच्या छातीवरचा पिवळा लंबगोल गेला. हे चालून गेले. बॅटमॅनचा शत्रू जोकर मात्र चालला नाही. त्याचे लाल ओठ काढून टाकले होते आणि डोळ्यांच्या जागी काळे खळगे ठेवून आत दोन पांढरे ठिपके उरले होते. त्याचे हसू ओठांच्या कडेवर उभे होते आणि त्याची भीती कोणाकडे तरी रोखलेल्या नजरेत होती. दोन्ही एकदम गेली. पुढच्या कामांत त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग परत आला. गंमत अशी की याच फेरीत स्केअरक्रो हा दुसरा खलनायक जोकरहून कितीतरी अधिक बदलला. टोपी, गळ्यातला दोर, फाशीवरून उतरवल्यासारखा चेहरा. त्याची मात्र वाखाणणी झाली. त्याचे काम भीती घालण्याचे, आणि नवे रूप ते काम जास्त चोख करत होते.

२००१ च्या जस्टिस लीग मालिकेतला सुपरमॅन हे याच जातीचे आणखी एक उदाहरण. गालांवरच्या रेषांमुळे तो थकलेला, वयस्क दिसे. त्यातच इतर नायकांना वाव मिळावा म्हणून त्याला वारंवार मार खाताना दाखवले गेले. दुसऱ्या पर्वात रेषा गेल्या आणि ताकद वाढली. नुसता चेहरा तरुण केला असता तर तक्रार मिटली असती का, याची शंकाच आहे.

स्वभाव

स्वभावबदलाचे सर्वांत यशस्वी उदाहरण मिस्टर फ्रीझ. १९५९ साली कॉमिक्समध्ये मिस्टर झीरो या नावाने आलेला हा खलनायक बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक सामान्य चोर होता. १९९२ च्या बॅटमॅन मालिकेत पॉल डिनी यांनी लिहिलेल्या ‘हार्ट ऑफ आइस’ या भागात त्याला नोरा ही आजारी, गोठवून ठेवलेली पत्नी मिळाली आणि त्याचा थंडपणा दुःखाचा झाला. या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. कॉमिक्सनेही पुढे हीच कथा स्वीकारली. स्वभाव मुळापासून बदलूनही कोणी कुरकुरले नाही, कारण जुन्या फ्रीझला चाहत्यांनी कुठेच गाठ मारली नव्हती. त्याच वर्षी याच मालिकेत जोकरची साथीदार हार्ली क्विन जन्मली आणि तीही नंतर कॉमिक्समध्ये गेली.

उलट बाजूला टीन टायटन्स, किशोरवयीन सुपरहिरोंच्या चमूची मालिका. २००३ ते २००६ मधल्या मालिकेचे ६५ भाग झाले. चमूचा नायक रॉबिन याचा स्लेड या खलनायकामागचा ध्यास, त्याची सहकारी रेव्हन हिचे बापाशी असलेले भयाचे नाते, अशा गंभीर धाग्यांवर ती उभी होती आणि शेवट मोकळा सोडून संपली. चाहते सहाव्या पर्वाची वाट पाहत असताना २०१३ मध्ये आली ती टीन टायटन्स गो! ही बुटक्या, मोठ्या डोक्यांच्या चित्रांची सुमारे ११-११ मिनिटांची विनोदी मालिका. रॉबिन हट्टी, क्षुल्लक गोष्टींवर चिडणारा झाला. मुख्य पाचही पात्रांचे आवाज जुनेच होते, आणि दुखले ते तिथेच: आवाज ओळखीचा, माणूस परका. शिवाय तिने जागा अडवली अशी समजूत झाली. ही चालू आहे तोवर जुनी येणार नाही. मालिकेने या तक्रारींचीच टर उडवायला सुरुवात केली आणि ती चारशेहून अधिक भाग चालली आहे. लहान मुलांना ती मनापासून आवडते. २००३ ची मालिका त्यांनी पाहिलेलीच नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी काहीच बदललेले नाही.

इन्व्हिन्सिबल (२०२१) मध्ये हा गुंता बारकाईने पाहता येतो. नायक मार्कची प्रेयसी अँबर कॉमिक्समध्ये गोरी, ती इथे कृष्णवर्णीय आहे. त्यावर आरंभी ओरड झाली. खरा वाद सातव्या भागापाशी पेटला. मार्क तिला आपण सुपरहिरो असल्याचे सांगतो, तेव्हा तिला ते आधीच कळलेले असते, तरीही खोटे बोलल्याबद्दल ती त्याच्यावर संतापते. तो लोकांचे जीव वाचवायला जात होता हे ठाऊक असून ती त्याला बेजबाबदार ठरवत होती का, हा प्रेक्षकांचा प्रश्न पटकथेविषयीचा होता आणि रास्त होता. पण त्याच्या आडोशाने वर्णद्वेषही सुखाने वावरला, आणि दोन्ही आवाज एकाच वाक्यात येऊ लागल्यावर वेगळे काढणे अवघड झाले. दुसऱ्या पर्वात अँबर अधिक समजूतदार लिहिली गेली आणि दोघे सामंजस्याने वेगळे झाले.

वंश, लिंग, नाते

२०२४ च्या बॅटमॅन : केप्ड क्रुसेडर मालिकेत एरवी पुरुष असलेला खलनायक पेंग्विन स्त्री आहे, ओस्वाल्डा कॉबलपॉट. २०२५ च्या युअर फ्रेंडली नेबरहूड स्पायडर-मॅनमध्ये कॉमिक्समध्ये गोरा असलेला उद्योगपती नॉर्मन ऑस्बॉर्न कृष्णवर्णीय आहे. अशा बदलांवरची चर्चा बहुतेक वेळा मालिका न पाहताच होते, त्यामुळे तिच्यावरून मालिकेविषयी काही ठरवू नये. केप्ड क्रुसेडरमधील हार्ली क्विन आशियाई वंशाची आहे, पण जुन्या चाहत्याला अडखळायला लावते ती दुसरीच गोष्ट. तिचा जोकरशी संबंधच ठेवलेला नाही. ज्या नात्यातून ती जन्मली तेच कापले, म्हणजे गाठीलाच कात्री. काहींना त्यामुळे ती प्रथमच स्वतःच्या पायांवर उभी दिसली.

एक्स-मेनमधला, हवे ते रूप घेऊ शकणारा मॉर्फ हा या विषयातला सर्वांत लांबचा प्रवासी. १९९२ च्या मालिकेच्या दोन भागांच्या आरंभकथेत तो मरतो. इथे माणसे मरू शकतात, हे दाखवण्यासाठीच त्याला आणले होते. प्रेक्षकांना तो इतका आवडला की दुसऱ्या पर्वात त्याला परत आणावे लागले. २०२४ च्या एक्स-मेन ’९७ मध्ये तो फिकट, नाकडोळे पुसट झालेल्या चेहऱ्याने आला आणि स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींबाहेरचा असल्याचे आधीच सांगण्यात आले. त्यावर प्रदर्शनापूर्वी बराच धुरळा उडाला. पाचव्या भागात जेनोशा या म्युटंटांच्या बेटावर हल्ला होऊन चमूतला गॅम्बिट मेला, आणि मग मॉर्फच्या चेहऱ्याविषयी बोलायला कोणाला उसंत राहिली नाही. गॅम्बिटच्या मृत्यूवर लोक रडले, चिडले नाहीत. तो गॅम्बिटसारखाच, आपल्या स्वभावाला धरून मेला.

जाहिरात आणि प्रत्यक्ष

दूरदर्शनवर ही-मॅन पाहिलेली पिढी गोव्यात आज मुलाबाळांची झाली आहे, म्हणून पुढचे उदाहरण इथे चटकन समजते. २०२१ च्या मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स : रेव्हलेशनची झलक ही-मॅनची तलवार आणि गर्जना दाखवत होती. २३ जुलैला पाच भाग आले. पहिल्याच भागात ही-मॅन मरतो आणि कथा टीला या त्याच्या लढाऊ सहकारिणीच्या खांद्यावर जाते. समीक्षकांचा कौल चांगला होता, प्रेक्षकांनी दिलेले गुण मात्र कोसळले. टीला मुख्य पात्र असल्याचे पोस्टरवर सरळ सांगितले असते तरी काही जण रुसलेच असते, पण फसवले गेल्याचा सूर लागला नसता. पत्रिकेवर एका नटाचे नाव छापून दुसऱ्याला उभे केले की जत्रेतही हेच होते, मग दुसरा कितीही चांगला असो.

आवाज आणि हिंदी डब

मूळ चाहत्यांना न दिसणारा एक बदल भारतात रोज घडतो. गोव्यातली मुले या मालिका हिंदीत किंवा इंग्रजीत पाहतात आणि त्यांवर कोकणी-मराठीत भांडतात. मूळ मालिकेत केव्हिन कॉनरॉय वर्षानुवर्षे बॅटमॅनचा आवाज राहिले. हिंदी डबचे काम दुसऱ्या चमूकडे गेले की इथला बॅटमॅन एका रात्रीत दुसरा माणूस होतो. विनोदही बदलतात, कारण ओठांच्या हालचालीत बसेल तेवढेच वाक्य घ्यावे लागते आणि इंग्रजीतली तिरकस कोटी हिंदीत सरळ धमकी होते. ‘हा पूर्वी असा बोलत नव्हता’ ही तक्रार अशा वेळी पटकथेची नसून डबची असते. भाग उलटसुलट क्रमाने लागले तरी तेच. १९९२ चा जोकर सोमवारी आणि १९९७ चा मंगळवारी दिसला, तर मुलाला तो बदल वाटत नाही, चूक वाटते.

तुलना करताना

कला महाविद्यालयात किंवा वाचनालयाच्या गटात जुन्या-नव्या पात्राची तुलना करायची झाली तर दोन-दोन मिनिटांची दृश्ये पुरतात. मारामारीची घेऊ नयेत, तिथे सगळेच नायक सारखे दिसतात. पात्र कोणाशी तरी निवांत बोलत आहे असे दृश्य दोन्हींतून घ्यावे. आधी आवाज बंद करून दाखवावे, मग पडदा झाकून नुसते ऐकवावे, शेवटी दोन्ही एकत्र. आणि प्रत्येक वेळी काय खटकले ते लगेच लिहून घ्यावे, चर्चेनंतर नाही. चर्चेनंतर सगळ्यांना एकच गोष्ट खटकलेली असते.

यात हमखास फसते ते रंगांच्या बाबतीत. १९९२ च्या बॅटमॅनच्या पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवलेल्या होत्या. भर दुपारी खिडक्या उघड्या असलेल्या सभागृहात प्रोजेक्टर लावला की त्यातला अंधार राखाडी होतो, कडा नाहीशा होतात आणि नवी मालिका उगाच उजवी वाटते. घरच्या टीव्हीवर रंग भडक ठेवलेले असतील तर उलटे घडते. खिडक्या झाकाव्यात, दोन्ही दृश्ये त्याच पडद्यावर त्याच मापात दाखवावीत. आणि ज्याने जुनी मालिका पाहिलेलीच नाही असा निदान एक जण गटात ठेवावा. नव्या पात्राकडे नवे म्हणून पाहणारा तेवढाच असतो.