तुळस रात्रीही ऑक्सिजन देते का?

कार्तिकात तुळशीचं लग्न जवळ आलं की एक मजकूर हमखास फिरतो: ‘तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते.’

ऐकायला पटतं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. दिवसा ती ऑक्सिजन सोडतेच. पण तो पाण्याच्या रेणूपासून सुटतो आणि त्यासाठी उजेड लागतो. अंधारात ते काम थांबतं. श्वसन मात्र चालू राहतं, म्हणजे रात्री तुळसही आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते. अगदी थोडा, त्यामुळे कुंडी घरात राहिली तरी बिघडत नाही. कोरफड रात्री कार्बन डायऑक्साइड घेते हे खरं, पण ऑक्सिजन तीही दिवसाच सोडते.

पडताळायचं तर मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची काडी आणा. देठाचं कापलेलं टोक वर ठेवून पाण्यात बुडवा. उन्हात टोकातून बुडबुड्यांची माळ निघते. भांडं काळ्या कापडाने झाका, थोड्या वेळाने पाहा: माळ तुटलेली असते.

तुळशीकडे बघायला दुसरं कारण हवं असेल, तर आता वाळलेली मंजिरी तळहातावर चोळा. प्रत्येक इवल्या वाटीत जास्तीत जास्त चार बिया असतात. मोजून बघा.