‘माझं पुरेल काय?’ : तारणाच्या खात्रीमागचा इतिहास

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, चाळीस दिवसांत आजी एक वही ठेवायची. उपास किती झाले, किती मोडले, मिळकतीचा दशांश देवळात कधी टाकला, शेजारणीला कोणत्या दिवशी टाकून बोलली, सगळं पेन्सिलनं. रविवारी नागपुरातल्या सदरच्या चर्चमधून उपासना आटोपून आलो की ती वही चाळायची आणि विचारायची, “माझं पुरेल काय रे, बाप्पा?” मला उत्तर सुचायचं नाही. पुढं वाचायला लागल्यावर कळलं, की देवानं मला तारावं, पापातून सोडवावं, एवढं माझं करणं पुरेल का, या प्रश्नाचं वय जवळजवळ दोन हजार वर्षं आहे.

पहिला मोठा वाद गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांत पेटला. यहुदी नसलेल्या नव्या विश्वासणाऱ्यांना काही शिक्षक सांगत होते, की ख्रिस्त मान्य केलात ते ठीक, पण सुंताही झाली पाहिजे, नियमशास्त्रही पाळलं पाहिजे. त्या मंडळ्या स्थापणारा प्रेषित पौल या ‘पण’वर संतापला. माणूस नियमशास्त्राच्या कृत्यांनी नव्हे तर ख्रिस्तावरच्या विश्वासानं नीतिमान, म्हणजे देवापुढं निर्दोष, ठरतो, हे त्यानं गलतीकरांना खडसावून लिहिलं. पाचव्या शतकात तोच वाद वेगळ्या रूपात आला. मनावर घेतलं तर माणूस स्वतःच्या इच्छाबळावर पाप टाळू शकतो, असं पेलागियस नावाचा धर्मशिक्षक शिकवी. बिशप ऑगस्टिन म्हणे, चांगलं करावंसं वाटणं हीसुद्धा देवाचीच कृपा. इ.स. ४१८मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसची शिकवण नाकारली.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण आजीची वही मला त्याच्याच हातात दिसते. १५०५मध्ये एरफुर्टजवळ विजेच्या कडकडाटात त्यानं संन्यासी होण्याचा नवस बोलला आणि मठात गेला. उपास, जागरणं, थंडीत कुडकुडत प्रार्थना, काही म्हणता काही सोडलं नाही. पापांची कबुली द्यायला बसला की तासन्‌तास उठत नसे. उठून गेला की आणखी एखादं पाप आठवे, आणि विसरलेल्या पापाची क्षमा होईल कशी, या धास्तीनं तो परत येई. मठातला त्याचा वडीलधारा श्टाऊपिट्झ त्याला पुन्हा पुन्हा सांगे, स्वतःकडं बघत बसू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडं बघ. ‘देवाचं नीतिमत्त्व’ हा शब्द ल्यूथरला शिक्षेसारखा वाटायचा. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं सतरावं वचन घोळवता घोळवता त्याला उमगलं, की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. ३१ ऑक्टोबर १५१७च्या त्याच्या ९५ प्रबंधांचा रोख पापदंडमाफीच्या पत्रांच्या, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या, विक्रीवर होता. पण त्या विक्रीमागंही लोकांची तीच भीती होती: आपलं पुरेल का?

वाद तिथं मिटला नाही. १५४७मध्ये ट्रेंटच्या परिषदेत रोमन कॅथलिक चर्चनं माणूस ‘केवळ विश्वासानं’ नीतिमान ठरतो ही ल्यूथरची मांडणी फेटाळली. त्या बाजूची काळजीही मला पोकळ वाटत नाही, कारण कृतीवाचून विश्वास मेलेला, हे याकोबाचं वचनही याच बायबलात आहे. पुढं ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हा साडेचारशे वर्षांची गाठ बरीच सैल झाली.

नागपुरात विश्वासानं तारण ही शिकवण रुजवली ती स्कॉटलंडहून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी. १८४५मध्ये ते इथं आले तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटून निघालेलं त्यांचं फ्री चर्च जेमतेम दोन वर्षांचं. वेस्टमिन्स्टरचा विश्वासअंगीकार, म्हणजे श्रद्धेची लेखी मांडणी, हा त्या मंडळीचा पाया, आणि त्यात एक फार दयाळू गोष्ट आहे: खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तारणाची खात्री लगेच मिळेलच असं नाही, त्याला दीर्घकाळ झगडावं लागू शकतं. म्हणजे धाकधूक वाटते म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात वाहून गेले. १८८३मध्ये निघालेलं कॉलेज त्यांच्याच नावाचं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून बोलकी. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थं, व्रतं, पुराणवाचन करत त्या देशभर पायी फिरल्या, आणि दुष्काळात आईवडील गेले. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. तरी मनाला स्वस्थता मिळायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली. धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता, असं त्यांनीच पुढं सांगितलं. नारायण वामन टिळक तर नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला राहिलेले. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात त्यांच्या हाती नवा करार आला आणि १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. मराठी मनाला ‘माझ्यानं होत नाही, तूच कर’ ही आळवणी शिकवावी लागत नाही.

२९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत स्कॉटिश वळणाचे लोक होते, तसेच मेथडिस्टही होते. देव आपल्या माणसाला शेवटपर्यंत सोडत नाही, असं स्कॉटिश परंपरा शिकवते. माणूस विश्वासातून ढळू शकतो, असं मेथडिस्ट परंपरा बजावते. आजही सदरच्या एकाच बाकावर दोन्ही ऐकत वाढलेली माणसं शेजारी बसतात.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा पाळकसाहेब भेटायला आले. वही उशाशीच होती. त्यांनी इफिसकरांस पत्र उघडलं. पहिल्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा ‘विसार’ म्हटलंय. मूळ ग्रीक शब्दही बाजारातलाच, सौदा पक्का करताना आगाऊ देतात त्या रकमेचा. आजीनं गावाकडची दोन एकर विकली होती, तिला विसारपावती ठाऊक होती.

“आजी, विसार कोण देतो?”

“जमीन विकत घेणारा.”

“मग तो मागं फिरला तर पैसा कोणाचा बुडतो?”

“त्याचाच,” आजी म्हणाली. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग मला म्हणाली, “ते वचन पुन्हा वाच रे. हळू.”